सलिव्हन प्लेसवरचे नव्वद फूट

आमच्या कामात अंतर फुटांत लिहावं लागतं. पेशंट वॉकर घेऊन किती फूट चालला, वाटेत किती वेळा थांबला, किती आधार द्यावा लागला. मी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये घरोघर जाऊन फिजिओथेरपी देते, त्याला चौदा वर्षं झाली. तीस फूट म्हणजे पलंगापासून बाथरूम आणि परत. दीडशे फूट जमले की माणूस रस्त्यावर पाऊल टाकायचा विचार करू शकतो. नव्वद या आकड्याला आमच्या कागदांत काही अर्थ नाही. तो मला एका पेशंटनं शिकवला.

वय त्र्याऐंशी, कृष्णवर्णीय, जन्म ब्रुकलिनचा, आयुष्य ब्रुकलिनमध्येच गेलेलं. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणायचे. कंपवात होऊन सात वर्षं झाली होती. हात फारसे थरथरत नसत, पण पाय गोठायचे. चालता चालता दाराच्या उंबऱ्याशी, लिफ्टच्या फटीशी एकदम खिळल्यासारखे व्हायचे. शरीर पुढे झुकलेलं आणि पावलं जागच्या जागी. पडायचं भय असतं ते तेव्हाच. दोनदा पडलेही होते.

या दुखण्यात एक विलक्षण गोष्ट असते. चालणं आपोआप होण्यासाठी मेंदूचा जो भाग लागतो तो थकतो, पण बाहेरून खूण मिळाली की मेंदू दुसऱ्या वाटेनं काम करून घेतो. म्हणून आम्ही जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवतो, टाळी वाजवतो, आकडे मोजतो. पाऊल उचलता न येणारा माणूस अंगावर आलेला चेंडू झटकन झेलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आजोबांच्या बाबतीत मात्र पट्ट्यांचा थोडाच उपयोग झाला. एक-दोन, एक-दोन मोजलं की ते वैतागायचे. म्हणायचे, "मी काय बालवाडीत आहे?"

त्यांच्या पलंगाशेजारी भिंतीवर एक फोटो होता. विटांची गोलसर दर्शनी भिंत, कमानी, वर नाव. पहिल्या दिवशी मला ती जुन्या काळातली रेल्वे स्टेशनची इमारत वाटली आणि मी तसं बोलूनही गेले. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि त्या दिवशी व्यायामाची वीस मिनिटं गेली.

ते होतं एबेट्स फील्ड, ब्रुकलिन डॉजर्सचं बेसबॉलचं मैदान. १९१३ साली उघडलं. जेमतेम ३२,००० माणसं मावतील एवढं, चारी बाजूंनी रस्त्यांनी आवळलेलं. आत शिरलं की संगमरवरी गोल दालन, आणि वर झुंबर, त्याचे हात बॅटींचे आणि दिवे चेंडूंसारखे. उजवीकडची हद्द इतकी जवळ की तिथे उंच भिंत आणि वर जाळी लावलेली. स्कोअरबोर्डाखाली एका कपडेवाल्याची पाटी, चेंडू या पाटीवर मारा आणि अंगावर घालायचा सूट मिळवा. आजोबा हे सांगताना दोन्ही हात हवेत लांब करून पाटीची रुंदी दाखवायचे, आणि त्या क्षणी त्यांचा ताठरपणा कुठे जायचा कोण जाणे.

१५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन याच मैदानात उतरला. आधुनिक काळात मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वात वरच्या स्पर्धेत, खेळलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. आजोबा तेव्हा सहा वर्षांचे. त्यांचे वडील ब्रुकलिनच्या नेव्ही यार्डात, नौदलाच्या गोदीत, कामाला होते. ते एकटेच गेले, चर्चला जायचा सूट घालून. रात्री परत आल्यावर काही बोलले नाहीत, मुलाच्या उशाशी तिकिटाचा तुकडा ठेवला आणि झोपले. हे सांगताना आजोबा दर वेळी इथेच थांबायचे.

या संघावर लोकांनी जीव का टाकला, ते मला हळूहळू कळत गेलं. १९४१, ४७, ४९, ५२, ५३, पाच वेळा अंतिम मालिकेत पोचले आणि पाचही वेळा यांकीजकडून, न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाकडून, हरले. ब्रुकलिनमध्ये म्हणच पडली होती, पुढच्या वर्षी बघू. पहिल्या बेसवरच्या गिल हॉजेसची बॅट १९५३ मध्ये चालेना तेव्हा इथल्या एका पाद्र्यानं उकाड्यामुळे प्रवचन रद्द केलं आणि लोकांना सांगितलं, घरी जा आणि हॉजेससाठी प्रार्थना करा. शेवटी ४ ऑक्टोबर १९५५ ला सातव्या सामन्यात यांकीजना २-० नं हरवलं. दोन्ही धावा हॉजेसच्या बॅटमधून आल्या.

आणि दोनच वर्षांत संघ गेला. मालक वॉल्टर ओमॅलींना अटलांटिक आणि फ्लॅटबुश ॲव्हेन्यूच्या नाक्यावर नवं स्टेडियम हवं होतं. शहराच्या बांधकामांची सूत्रं हातात असलेले रॉबर्ट मोझेस त्या जागेला तयार झाले नाहीत, त्यांनी क्वीन्समधली, म्हणजे शहराच्या दुसऱ्या भागातली, जागा पुढे केली. ऑक्टोबर १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला जायचं जाहीर झालं. त्याआधी, २४ सप्टेंबरच्या रात्री, शेवटचा सामना झाला. प्रेक्षक फक्त ६,७०२. त्यातले एक आजोबा, वय सोळा. ऑर्गन वाजवणाऱ्या ग्लॅडिस गुडिंगनं निरोपाची गाणी वाजवली. माणसं उठायला तयार नव्हती, असं ते सांगायचे.

१९६० च्या फेब्रुवारीत मैदान पाडलं. पाडणारा लोखंडी गोळा बेसबॉलसारखा रंगवला होता. ते पाहायला रॉय कॅम्पानेला आला होता, डॉजर्सचा कॅचर, म्हणजे बॅट्समनच्या मागे बसून चेंडू झेलणारा. १९५८ मध्ये मोटार अपघातात त्याच्या मानेचा मणका मोडला आणि तो व्हीलचेअरवर आला. त्याचं पुनर्वसन डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत झालं. ते नाव आमच्या धंद्यात मोठ्या आदरानं घेतलं जातं. त्या दिवशी त्याला होम प्लेटमागची, म्हणजे बॅट्समन उभा राहतो त्या जागेमागची, माती भांड्यात भरून दिली.

आजोबा एकच गोष्ट मागायचे. तिथे मला चालव. फ्लॅटबुशमधल्या त्यांच्या घरापासून गाडीनं दहा मिनिटं. गेली कित्येक वर्षं ते त्या रस्त्याला गेले नव्हते.

सप्टेंबरच्या अखेरीस एका शनिवारी मुलीनं गाडी काढली. निघण्याआधी पाऊण तास गोळी दिली, म्हणजे औषध चढलेलं असेल. कमरेला धरायचा पट्टा, वॉकर, मोजायची फीत, आणि पट्ट्या संपल्या होत्या म्हणून खडू. सलिव्हन प्लेस आणि मकीव्हर प्लेसच्या कोपऱ्यावर उतरलो. समोर विटांच्या उंच इमारती. १९६२ पासून तिथे ही घरंच आहेत, तेराशेवर कुटुंबं राहतात. भिंतीत एक दगड बसवलाय, इथे पूर्वी एबेट्स फील्ड होतं असं लिहिलेला.

आजोबांनी दगडाकडे पाहिलंही नाही. कोपऱ्यावर उभं राहून त्यांनी हात सरळ केला. "इथे होम प्लेट. ती बेडफर्डची बाजू, तिकडे ती भिंत. फर्स्ट बेसची रेघ या फुटपाथला धरून जाते. नव्वद फूट. मोज."

माझे बाबा आठवले. ते मुंबईत लालबागला कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. गिरणीच्या जागी मॉल झाल्यावर एकदा मी त्यांना तिथे नेलं होतं. सरकत्या जिन्याजवळ उभं राहून ते म्हणाले होते, "माझे साचे इथे होते, आणि खिडकी तिकडे." मी तेव्हा घाईत होते. नुसतं हो म्हणाले होते.

होम प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंतचं हे अंतर. मी फीत लावून नव्वद फूट मोजले आणि शेवटी बेस म्हणून खडूनं चौकोन काढला. मग आडव्या रेघा मारायला लागले, शिकवलेलं तसं. "तशी नाही," ते म्हणाले, "रेघ लांब असते." उभ्या रेघेचा गोठलेल्या पायांना उपयोग होत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मारली. वाकून वाकून कंबर दुखली. जाणारी-येणारी माणसं थांबून पाहत होती.

पहिली आठ-दहा पावलं ठीक गेली. मग फुटपाथच्या एका फटीशी पाय गोठले. टाचा वर आल्या, अंग पुढे झुकलं. मी पट्टा घट्ट धरला. एक-दोन म्हणाले, काही नाही. "वजन डावीकडे टाका." काही नाही. मुलगी व्हीलचेअर आणायला गाडीकडे वळली.

आजोबा पुटपुटले, "एक. रीज."

पाऊल उचललं गेलं.

"चार. स्नायडर." दुसरं पाऊल. "सहा. फुरिलो. चौदा, हॉजेस. सतरा, अर्स्किन." डॉजर्सच्या खेळाडूंच्या पाठीवरचे नंबर. "एकोणीस, गिलियम. छत्तीस, न्यूकम. एकोणचाळीस, कॅम्पी." प्रत्येक नावाला एक पाऊल, टाच आधी टेकलेली. बेचाळीसला, जॅकी रॉबिन्सनच्या नंबराला, आवाज चढला. मग पुन्हा एकपासून. चौथ्या-पाचव्या फेरीला मुलगीही बोलायला लागली, तिला सगळे नंबर पाठ होते. मला नव्हते, मी फक्त बेचाळीसला मिसळायचे.

चौकोनात त्यांनी उजवा पाय ठेवला आणि थांबले. ते थांबणं त्यांचं होतं, दुखण्याचं नव्हतं. बराच वेळ बेडफर्ड ॲव्हेन्यूकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले, "पोरी, बाबांची सीट माझ्या पाठीमागे होती."

त्या संध्याकाळी मी नोंद केली. नव्वद फूट, वॉकर, एका हाताचा आधार, गोठणं एकदा. उपाय या रकान्यात मी ते आकडे लिहिले. ऑफिसातून फोन आला की हे काय आहे. मी शांतपणे सगळं सांगितलं आणि तो उपाय तसाच मंजूर करून घेतला.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरातल्या जुन्या पट्ट्या काढल्या आणि नव्या लावल्या, प्रत्येकीवर मार्करनं एक नंबर. पलंगापाशी १, कपाटाशी १४, बाथरूमच्या उंबऱ्याला ४२. त्या उंबऱ्याशी ते हमखास अडायचे. अजूनही अडतात. पण अडले की खाली बघतात आणि नाव घेतात.