अकराव्या वर्षाचा खर्च

आमच्या गिरगावातल्या चाळीत, जिन्याला लागून असलेल्या गॅलरीखाली एक लाकडी टेकू उभा आहे. तो तात्पुरता म्हणून लावला होता. पुढे कुणीतरी त्याला दुधाच्या पिशवीसाठी खिळा ठोकला, कुणी कपड्यांची दोरी बांधली, आणि दर पावसाळ्याआधी त्याच्या बुडाची पाचर हातोडीने घट्ट करणे हे चाळीतले नेहमीचे काम झाले. मी त्या टेकूला पाठ टेकून अभ्यास केला आहे. तरीही ही चाळ पाडून नवी इमारत बांधावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला त्यामुळे डोक्यावर छप्पर मिळाले. घरमालकाला मात्र वासे बदलण्यात काही रस उरला नाही. 1969 च्या कायद्याने उपकर, म्हणजे दुरुस्तीसाठीचा जादा कर, बसवून स्वतंत्र मंडळ स्थापन झाले, जे पुढे म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात आले. पण वाळवीने पोखरलेल्या तुळईवर नवा गिलावा चढवून इमारतीचे आयुष्य किती वाढणार? 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि 33 माणसे गेली. ती इमारत पुनर्विकासाच्या योजनेत होती, काही कुटुंबे आधीच बाहेर पडली होती आणि काही अजून तिथेच राहत होती. ‘बघू, अजून थोडे थांबू’ हे वाक्य आमच्याही सभांमध्ये ऐकू येते, तेव्हा मला ती इमारत आठवते.

मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत अशा जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी 33(7) हा नियम आहे; त्यानुसार जुन्या भाडेकरूला किमान 300 चौरस फूट चटई क्षेत्राचे (कार्पेट एरियाचे) घर मिळते. आमची खोली त्याच्या जेमतेम निम्मी आहे, त्यामुळे सभेत सारी चर्चा चौरस फुटांचीच होते. एका सभेत मात्र समोरच्या खोलीतल्या काकूंनी मला हळूच विचारले, “अरे, त्या लिफ्टचे पैसे दर महिन्याला कोण भरणार?” काकू पेन्शनवर जगतात, आजवर त्यांनी घरासाठी भरले ते केवळ पावतीवरचे भाडे.

नव्या इमारतीत लिफ्ट, पाण्याचा पंप, अग्निशमन यंत्रणा, रखवालदार आणि जिन्यातले दिवे असा देखभालीचा खर्च दरमहा येणार. त्यासाठी विकसकाने दहा वर्षे पुरेल असा कॉर्पस फंड, म्हणजे राखीव निधी, ठेवावा, अशी नियमात तरतूद आहे. त्याची रक्कम किती, ती कुणाच्या खात्यात राहणार आणि अकराव्या वर्षापासून काय करायचे, हे प्रश्न करारावर सही करण्याआधी विचारायला हवेत. देखभाल परवडत नाही म्हणून एखाद्या कुटुंबाला नवे घर विकून विरार-बदलापूर गाठावे लागले, तर जुन्या जागी हक्काचे घर मिळून त्याला काय उपयोग झाला?

म्हणून मी विकसकाला लेखी पत्र दिले आहे. विकसक बाहेरच्यांना विकण्यासाठी जी इमारत बांधेल, तिच्यातल्या वाहनतळाचा आणि उद्यानाचा खर्च भाडेकरूंच्या इमारतीवर येऊ नये, कॉर्पसची मुद्दल सोसायटीच्या नावे मुदत ठेवीत राहावी आणि खर्च फक्त व्याजातून व्हावा, तसेच नवी इमारत होईपर्यंत दुसरीकडे राहायच्या काळातल्या भाड्याचे धनादेश आगाऊ मिळावेत, अशा मागण्या त्यात आहेत. खर्च व्याजातून भागायचा तर मुद्दल तेवढी मोठी हवी, हे बिल्डरला रुचणार नाही याची मला कल्पना आहे. पत्रावर पहिली सही काकूंनी केली. उत्तर अजून आलेले नाही, आणि पावसाळा तोंडावर असल्यामुळे गेल्या रविवारी आम्ही टेकूची पाचर पुन्हा एकदा ठोकून घेतली.