तिसरा पिस्टन

वरूडच्या माझ्या इंजिन बोरिंगच्या दुकानात मे महिन्यात दुपारी बारानंतर कोणी फिरकत नाही. पत्रा असा तापतो की मायक्रोमीटर हातात धरवत नाही, आणि धरला तरी त्या वेळच्या मापावर माझा भरवसा नसतो. मोजमाप मी सकाळी सातच्या आत उरकतो.

त्या दिवशी मात्र भरदुपारी जिप्सीचं इंजिन पिकअपमध्ये टाकून बापलेक दारात उभे. कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी, १२९८ सीसी. मुलाच्या हातात डबा होता. आत चार फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले पिस्टन, दागिन्यासारखे चकाकणारे.

"काका, कास्टिंगचा पिस्टन कच्चा राह्यते. चिखलदऱ्याच्या घाटात फुटला. आता हे बसवून द्या."

"फुटलेला कुठी हाये?"

तो कशाला, अशा चेहऱ्यानं त्यानं पिकअपमधून पिशवी आणली. मी डबा बाजूला सारला आणि तिसऱ्या नंबरचा जुना पिस्टन उन्हात नेऊन पाहिला. माथ्याला भोक नाही, स्कर्ट म्हणजे खालचा घेर स्वच्छ. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेच्या मधली पट्टी तेवढी तुटलेली. ऑइलवाचून घासलेला पिस्टन वेगळा दिसतो, वितळलेला वेगळा. ही पट्टी अशी तुटली की समजायचं, इंजिन नॉकिंग करत होतं. प्लगची आग पोचायच्या आधीच कडेचं मिश्रण आपोआप भडकतं आणि पिस्टनवर हातोडे बसतात. घाटात, चढावर, लोड असताना जास्तच.

"टायमिंग कोणी फिरवलं?"

टायमिंग म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ; ती फार आधी ओढली की नॉकिंग वाढतं. पोरगा गप्प. बाप म्हणाला, "यानंच. पिकप वाढते म्हणे."

हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, मोजलं. दोन-तीनदा फेस मारून, म्हणजे तासून सपाट करून, पाऊण मिलीमीटर उतरलं होतं, म्हणजे कॉम्प्रेशन, आतल्या मिश्रणावरचा दाब, आधीच वाढलेलं. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं खारं पाणी घातलेलं, अर्ध्या नळ्या चुन्यानं बंद. (आमच्या भागात दोन्ही बोर त्रास देतात, शेतातला आणि इंजिनातला.) एवढं सगळं एका गाडीत असताना दोष कास्टिंगच्या पिस्टनवर गेला होता.

मग डब्याकडे वळलो. कोणीतरी काढून विकलेला सेट, ऑनलाइन स्वस्तात घेतलेला. कागदावर धातू २६१८ नंबरचा ॲल्युमिनियम, माप ७५ मिलीमीटर. मूळ बोर, सिलिंडरच्या भोकाचा व्यास, ७४ चा, म्हणजे पूर्ण एक मिलीमीटर खाणं आलं. माझ्या गेजवर ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचा ठोकळा, ७४.५० लाच साफ होत होता. पुढच्या वेळेसाठी भिंतीत काही शिल्लक ठेवायची की नाही?

धातूचंही त्याला सांगितलं. फोर्ज्ड पिस्टन तापलेल्या गोळ्याला साच्यात दाबून घडवतात, म्हणून तो कास्टिंगच्या ओतीव पिस्टनपेक्षा चिवट, हे खरंच. पण सगळे फोर्ज्ड एक नसतात. ४०३२ नंबरच्या धातूमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं, तो तापल्यावर कमी फुगतो, त्यामुळे बोरमध्ये जवळ बसवता येतो. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळपास नाहीच. मार खायला तो जास्त दणकट, पण फुगतोही जास्त, म्हणून जागा मोठी सोडावी लागते. थंड इंजिनात तो खडखडतो आणि रोजच्या वापरात लवकर झिजतो. टर्बोला, शर्यतीला ठीक.

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पोराच्या मोटरसायकलला मी असलाच पिस्टन कास्टिंगच्या हिशोबानं घट्ट बसवला. मोर्शीपर्यंतही गाडी पोचली नाही, जाम झाली. पैसे परत दिले, पण त्याच्या बापाचं तोंड अजून डोळ्यांसमोर आहे.

बजेट सगळं मिळून ८० हजार. बाप एवढा वेळ स्टुलावर बसून ऐकत होता. म्हणाला, "भाऊ, ह्या गाडीनं घाटबी चढला पाह्यजे अन् संत्र्याचे कॅरेटबी आणले पाह्यजे. रेडिएटर पयले करा. मंग उरलेल्यात जे बसते ते बसवा."

माझ्या मते कास्टिंगवरही भागलं असतं. पण उतरलेल्या हेडचं कॉम्प्रेशन खाली आणायला खोलगट माथ्याचा पिस्टन हवा होता, आणि तो मला ७४.५० मध्ये ४०३२ चाच मिळाला. तेवढ्यासाठी तो घेतला.

आल्यावर चारही पिस्टन घेऊन आम्ही सराफाकडे गेलो. माझ्याकडे तेवढा बारीक काटा नाही. सराफानं आधी कपाळाला हात लावला, मग स्वतःच उत्सुकतेनं गजनपिनसकट, म्हणजे रॉडला जोडणाऱ्या पिनसकट, तोलून दिले. एक पिस्टन दोन ग्रॅम जड निघाला, तो आतून घासून बरोबर केला. ब्लॉक कागदातल्या क्लिअरन्सप्रमाणे, म्हणजे सोडायच्या जागेप्रमाणे, पहाटे मोजून होन केला, आतून बारीक घासला. पिस्टन अंडाकृती असतो, म्हणून माप पिनच्या आडव्या बाजूला, कागदात दाखवलेल्या उंचीवरच घ्यायचं. रिंगांची फट बोरच्या दर इंचाला चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). आपला बोर तीन इंचांना जरा कमी, म्हणजे बारा थाऊ धरली. व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो का हे पाहायला पोराच्या धाकट्या बहिणीची खेळायची माती माथ्यावर थापून क्रँक हातानं फिरवला. माती पुरेशी जाड राहिली.

टायमिंग मी टायमिंग लाइट लावून कंपनीच्या खुणेवर बांधलं. पोरगं शेजारी उभं राहून बघत होतं, बोललं काही नाही.

पहिल्यांदा चालू केली तेव्हा हलकी टकटक आली. बापानं लगेच मान वर केली.

"हे काय वाजते?"

मी तोंड उघडायच्या आत पोरगा म्हणाला, "थंडा हाये बाबा अजून. फुगला की बसते आवाज. दोन मिनिटं थांबा."

बापानं खिशातून मोबाईल काढला आणि खरोखरच वेळ बघत उभा राहिला.