एसटी स्टँड ते शाळा, पायी

आज वॉर्डातले आम्ही काहीजण मोजपट्टी घेऊन स्टँडपासून शाळेपर्यंत चालत गेलो. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या सूचनांप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आमच्याकडे मध्येच विजेची डीपी, पुढे उघडं गटार. एक आजी म्हणाल्या, "पायरी चढवत नाही रे बाबा, म्हणून रस्त्यावरूनच चालते." ऐकून फार वाईट वाटलं.

भाजीवाल्या मावश्यांना उठवा, असं कुणीतरी सुचवलं. मला मुळीच पटलं नाही. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात त्यांच्या जागेचीही तरतूद आहे. आधी फुटपाथवरच्या दुचाकी हलवा! शाळेसमोर झेब्रा पट्टे आणि गतिरोधक, ही पहिली मागणी. सोमवारी नगरपरिषदेत अर्ज देतोय, सह्या करायला नक्की या.