तुरतुकला जाऊन तुती खाताना

लडाखच्या नुब्रा खोऱ्यातलं दिस्कित सोडलं की श्योक नदीच्या कडेने नुसते दगड आणि वाळू. डोळे कंटाळतात. मग तुरतुक येतं आणि एकदम जर्दाळू, अक्रोड, तुतीची दाटी. गाव सुमारे 3,000 मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा बरंच खाली, म्हणून इथे फळं पिकतात. वस्ती बाल्टी भाषा बोलणाऱ्या बाल्टी लोकांची. 1971 च्या युद्धात गाव भारतात आलं, पर्यटकांना खुलं झालं 2010 मध्ये.

ओढ्यावरचा पूल ओलांडून गावाच्या फरोल भागात गेलो, तर एका झाडाखाली चादर अंथरलेली आणि वर एक पोरगा फांद्या गदागदा हलवतोय. टपटप पांढरट तुती पडली. खालच्या आजींनी न विचारताच माझी ओंजळ भरली. आंबटपणा औषधालाही नाही, सरळ काकवीची गोडी, आणि बोटं अशी चिकट की मोबाइल काढायची सोय नाही.

हे फळ दुसऱ्या दिवशी लिबलिबीत होतं, म्हणून उरलेलं छपरावर वाळत पडतं. हिवाळ्यात ते अक्रोडाबरोबर खायचं. थंडीत अंगात ऊब राहते, असं आजींचं म्हणणं. पटलं. ताज्या तुतीत 100 ग्रॅममागे 88 ग्रॅम पाणी आणि जेमतेम 43 कॅलरी. पाणी उडालं की उरते मुख्यतः साखर. ताजी खाल्ली तर 36 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि पावणेदोन मिलिग्रॅमच्या वर लोह मिळतं. फळाच्या मानाने हे लोह चांगलंच, शिवाय क जीवनसत्त्वामुळे ते अंगी लागायला मदत होते. काळ्या तुतीचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. पांढरीत ते नावालाच. घसा धरला की युनानी हकीम ‘शरबत तूत सियाह’ देतात, तेही काळीचंच.

‘मधुमेहावर तुती’ म्हणून महागडी पाकिटं विकतात, त्याची मात्र मला चीड येते. पिठूळ पदार्थांचं पचन मंदावणारं द्रव्य मुख्यतः पाल्यात असतं. वाळकी तुती मूठमूठ खाऊन साखर कशी उतरेल?

आपल्याकडे रेशीमवाले शेतकरी तुती लावतात तीही पाल्यासाठीच. फांद्या छाटून किड्यांपुढे जातात. फळ खायचं तर उन्हाळ्याच्या तोंडाला महाबळेश्वर गाठा. तुरतुकला जून-जुलैमध्ये जा, परवान्याचं आधी विचारून घ्या, आणि तुती बेतानेच खा. जास्त झाली की पोट ढिलं होतं, आणि परतीच्या रस्त्यावर आडोसा म्हणून एक झुडूपही नाही.