दोन वर्षांचा दरवाजा: बीटलच्या पत्र्यासाठी भंगारात घालवलेला दिवस

माझी फोक्सवॅगन बीटल १९६६ च्या मॉडेलची. इंजिन सुरू झालं, ब्रेक झाले, राहिला होता पत्रा. पुढचं डावं मडगार्ड आणि डावा दरवाजा खालून अक्षरशः चाळणी झाले होते. गेल्या शनिवारी त्यासाठी मित्राला घेऊन जुन्या गाड्यांच्या भंगारात गेलो. सकाळी निघालो, परतायला अंधार पडला, पण दोन्ही भाग घेऊन आलो.

याआधी एकदा फसलो होतो. ‘बीटलचं मडगार्ड’ एवढ्या शब्दावर एका विक्रेत्याकडून मागवलं. बॉडीला लावलं तर बोल्टची भोकं जुळली, म्हणून खूश झालो. मग दिवा बघितला. माझ्या गाडीचा दिवा मडगार्डच्या उताराबरोबर मागे कललेला आहे, आणि हा सरळ उभा. बंपरचा दांडा जाण्याची खाचही भलत्याच उंचीवर. १९६८ च्या मॉडेलपासून दिवे उभे झाले, बंपर वर चढला आणि त्यासाठी बॉनेट आखूड झालं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते मडगार्ड अजून माळ्यावर पडून आहे.

म्हणून या वेळी पुठ्ठे कापून नेले. गाडीच्या मडगार्डवर पुठ्ठा धरून इंडिकेटरची भोकं, दिव्याचा गोल, बंपरची खाच आणि बोल्टच्या जागा पेन्सिलने उतरवल्या. दरवाजाच्या मागच्या कडेचाही असाच पुठ्ठा, लॉकच्या जागेसह. फोटोपेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त झाला. फोटोत भोक दिसतं, पण ते अर्धा इंच सरकलंय हे कळत नाही.

भंगारात दोन बीटल होत्या. पहिलीचे दिवे उभे, तिला लांबूनच नमस्कार. दुसरी धुळीने भरलेली, पण दिवे कललेले. यार्डातल्या काकांना विचारलं, “काका, ही कुठल्या सालची?”

“कागदावर सदुसष्ट आहे.”

मी जरा खट्टू झालो. १९६७ च्या मॉडेलला दरवाजाचं लॉक बदललं, त्यामुळे तो दरवाजा माझ्या कामाचा नाही. तरी मागची सीट उचलली. मधल्या बोगद्यावर, म्हणजे तळाच्या मधोमध उंचावलेल्या पत्र्यावर, मातीचा थर होता. तो ब्रशने झाडला आणि ओल्या फडक्याने पुसत गेलो. एकेक आकडा वर आला: १, १, ६. १९६५ च्या मॉडेलपासून चॅसी नंबर नऊ आकडी झाला आणि त्यातला तिसरा आकडा मॉडेलचं वर्ष सांगतो. म्हणजे गाडी १९६६ च्या मॉडेलची, नोंदणी फक्त पुढच्या वर्षी झालेली. फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष ऑगस्टात सुरू व्हायचं हेही ध्यानात ठेवा. सप्टेंबर १९६५ मध्ये बनलेली बीटल १९६६ चीच धरायची.

पण नंबर चॅसीचा असतो, दरवाजाचा नाही. पन्नास-साठ वर्षांत कुणी कुठला दरवाजा चढवला असेल सांगता येत नाही. म्हणून तिथेही पुठ्ठा लावला. १९६५ ला काचा मोठ्या झाल्या आणि १९६७ ला लॉक बदललं, त्यामुळे माझ्या गाडीला सरळ बसणारा दरवाजा जेमतेम दोन मॉडेल वर्षांचा. पुठ्ठा बरोबर बसला तेव्हा मित्राने माझा हात दाबला, तो क्षण विसरणार नाही.

जुळला म्हणजे लगेच घ्यायचा असं नाही. चुंबक फडक्यात गुंडाळून दरवाजाच्या खालच्या कडेवरून फिरवा. जिथे तो सुटतो तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. खालची पाणी जायची भोकं तुंबली असतील तर आतून सडण सुरू झालेलीच असते.

मडगार्डच्या आतल्या बाजूला नंबर ठोकलेला दिसतो का तेही बघा. फोक्सवॅगनच्या नंबरात मधले तीन आकडे भागाचा गट सांगतात: ८२१ पुढचं मडगार्ड, ८२३ बॉनेट, ८३१ दरवाजा. शेवटचा आकडा विषम असेल तर भाग डावीकडचा, सम असेल तर उजवीकडचा. नंबराच्या शेवटी अक्षर असलं तर भागात कधीतरी फेरफार झाला आहे असं समजून पुन्हा मोजा.

काढण्यात खरा वेळ गेला. मडगार्डचे बोल्ट ८ मिलिमीटरचे, पण डोकं कुठे १३ चं, कुठे १४ चं, तेव्हा दोन्ही रिंग पाने न्या. आल्याआल्या सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारा आणि मग बाकी गाडी बघत फिरा. सोडवण्याआधी बोल्ट किंचित आवळा, गंजाची पकड तिथेच तुटते. फूटबोर्डाजवळचे बोल्ट सगळ्यात हट्टी. दरवाजाच्या बिजागरीला मोठे फुलीचे स्क्रू असतात. साध्या स्क्रू-ड्रायव्हरने त्यांची खाच जाते आणि मग ड्रिलशिवाय इलाज नाही. हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर नेला म्हणून आम्ही सुटलो.

माझं कळकळीचं सांगणं आहे, सुटा भाग घेऊ नका, त्याचा जोडही घ्या. मडगार्डबरोबर दिव्याची वाटी, रिंग आणि हॉर्नची जाळी. दरवाजाबरोबर बिजागऱ्या, लॉक आणि खांबावरची लॉकची पट्टी. हेच बारीक तुकडे नंतर महिनोन् महिने सापडत नाहीत.

घरी आल्यावर रंगाआधी दोन्ही भाग कोरडेच लावून पाहिले. मडगार्डचे बोल्ट फक्त हाताने फिरवले, मडगार्ड आणि बॉडीच्या मधली बिडिंगची पट्टी सरकवली, दरवाजा बंद केला आणि सगळीकडची फट बोटाने तपासली. दरवाजा मागच्या बाजूला थोडा खाली बसतोय, तो बिजागरीवर उचलावा लागेल.

त्या गाडीचा उजवा दरवाजा तिथेच सोडला. खालची कड गेली आहे, पण काच आणि लॉक चांगलं आहे. ६५ किंवा ६६ वाल्यांनी असा दरवाजा दिसला तर नुसत्या लॉकसाठीसुद्धा उचलावा.