क्रूझची केबिन: बुकिंग कुणाच्या ताब्यात ठेवायचं?

क्रूझची केबिन मी जहाज कंपनीच्या वेबसाइटवरूनही घेतली आहे आणि एजंटकडूनही. एजंट मध्ये आला की पैसे जास्त लागणार, असं बहुतेकांना वाटतं. पण एजंटचं कमिशन कंपनी देते, तेही मूळ भाड्यावर. बंदरशुल्क आणि करांवर त्याला काही सुटत नाही. त्यामुळे तोच प्रवास आणि तीच केबिन असेल तर दोन्हीकडची रक्कम सहसा सारखीच निघते. फरक पडतो तो बुकिंग कुणाच्या ताब्यात राहतं याने. थेट बुकिंग असेल तर केबिन बदलणं, रद्द करणं, भाडं उतरलं तर नवं भाडं लावून घेणं आपल्या हातात राहतं. एजंटचं बुकिंग असलं की कंपनीला फोन केला तरी 'तुमच्या एजंटशी बोला' हेच उत्तर मिळतं.

वेबसाइटच्या पहिल्या पानावरचा आकडा धरून हिशोब करू नका. तो माणशी असतो आणि एका केबिनमध्ये दोघं राहणार असं गृहीत धरून दिलेला असतो. एकट्याने जायचं तर दुसऱ्या माणसाचं भाडंही बऱ्याचदा आपल्यालाच भरावं लागतं. मी नेहमी पैसे भरण्याच्या पानापर्यंत जाते आणि तिथली एकूण रक्कम लिहून घेते. टिप माणशी आणि दिवसागणिक लागते, म्हणजे ७ रात्री आणि २ माणसं असतील तर रोजच्या दराला १४ ने गुणायचं. ती कधी आधी भरतात, कधी जहाजावरच्या बिलात येते. एजंटच्या कोटेशनमध्ये टिप आणि बंदरशुल्क धरलं आहे की नाही, हे विचारल्याशिवाय दोन आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

भाड्याचे प्रकारही तिथेच नीट वाचायचे. स्वस्त भाड्याची अनामत बऱ्याचदा परत मिळत नाही, आणि वेबसाइट तोच पर्याय आधी पुढे करते. उरलेली रक्कम भरायची मुदत साधारण प्रवासाच्या ९० दिवस आधीची असते. लांबच्या प्रवासाला त्याहून आधीची. ती तारीख उलटली की रद्द करण्याचा दंड टप्प्याटप्प्याने वाढत जातो आणि शेवटी पूर्ण भाडंच बुडतं.

आता केबिन. 'गॅरंटी' या नावाखाली मिळणारी केबिन स्वस्त असते, पण खात्री फक्त प्रकाराची असते, खोलीची नव्हे. बाल्कनी घेतली तर बाल्कनी मिळेल. कुठल्या डेकवर, म्हणजे मजल्यावर, कुठल्या टोकाला, ते कंपनी नंतर ठरवते. कधी ते निघण्याच्या काही दिवस आधी कळतं. झोप सावध असेल किंवा बोट लागत असेल, तर हा प्रकार मी घेऊ नका असंच सांगेन.

नंबर स्वतः निवडायचा असेल तर डेक प्लॅनची तीन पानं उघडावी लागतात: आपल्या डेकचं, त्याच्या वरचं आणि त्याच्या खालचं. दोन्हीकडे केबिनच असतील तर ती जागा शांत. डोक्यावर पोहण्याचा तलाव किंवा बुफे असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज छतातून येतो. खाली थिएटर किंवा नाइटक्लब असेल तर मध्यरात्रीनंतरही जमीन धडधडत राहते. प्लॅनवर नाव नसलेला कोरा पांढरा भाग दिसला तर तिथे बहुधा स्वयंपाकघर, कोठार किंवा कर्मचाऱ्यांची जागा असते, आणि तिथल्या ट्रॉल्यांना रात्र नसते. अगदी पुढच्या टोकाला, खालच्या डेकवर, बंदरात शिरताना नांगराची साखळी आणि बो थ्रस्टर (जहाजाचं नाक बाजूला वळवणारा पंखा) झोपमोड करतात. हेलकावे सगळ्यांत कमी लागतात ते मध्यभागी, खालच्या डेकवर, कारण लाटेवर जहाजाची दोन्ही टोकं वरखाली होतात आणि मधला भाग त्या मानाने स्थिर राहतो. प्लॅनवरच्या खुणाही पाहा: दोन केबिनना जोडणारा दरवाजा असेल तर शेजारच्यांचं बोलणं ऐकू येतं. 'अडलेलं दृश्य' लिहिलं असेल तर खिडकीसमोर बहुतेक लाइफबोट टांगलेली असते. दिवसाचा उजेड पुरे असेल तर असा सौदा वाईट नाही.

वेबसाइट प्रत्येक प्रकारातल्या मोजक्याच केबिन दाखवते. एखादा नंबर दिसला नाही म्हणजे तो गेलाच असं नसतं. कदाचित तो एखाद्या एजंटच्या ग्रुप ब्लॉकमध्ये, म्हणजे त्याने आधीच एकत्र धरून ठेवलेल्या केबिनमध्ये असेल किंवा तिघा-चौघांच्या कुटुंबासाठी राखलेला असेल. हवा तो नंबर दिसला नाही तर कंपनीला किंवा एजंटला एक फोन करावा.

लोक सगळ्यांत जास्त अडकतात ते तिसऱ्या माणसापाशी. केबिनमध्ये भिंतीतून खाली येणारी घडीची बर्थ किंवा सोफा-कम-बेड आहे, प्लॅनवर तशी खूण आहे, दोघांसाठी शोधलं तर केबिन मिळते. माणसं ३ केली की 'उपलब्ध नाही'. ही वेबसाइटची चूक नव्हे. प्रत्येक केबिनला एक मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमायची जागा, नेमलेलं असतं आणि त्या स्टेशनच्या लाइफबोटींची क्षमता ठरलेली असते. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ मध्ये सोलास हा समुद्रावरच्या जीवसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. जहाजावरच्या माणसांसाठी जीवरक्षक साधनांत जागा हवी, हा नियम त्यातूनच पक्का झाला. त्या भागातल्या बर्थचा कोटा भरला की केबिनमधली बर्थ रिकामी असूनही विकता येत नाही. अशा वेळी जहाजाच्या दुसऱ्या भागातली केबिन शोधून पाहावी. 'आत्ता दोघांचं करून घ्या, तिसरं नाव नंतर घालू' असं कोणी म्हणालं तर साफ नाही म्हणा, कारण नंतर ते नाव घालता येईलच असं नाही.

एजंटकडे मी जाते ते दोन-तीन केबिन एकत्र हव्या असतील, जेवणाचं टेबल एकच हवं असेल किंवा व्हीलचेअरची केबिन हवी असेल तेव्हा. व्हीलचेअरच्या केबिन थोड्या असतात आणि त्यांना वेगळा फॉर्म लागतो. ग्रुप ब्लॉकमध्ये जुन्या दराची जागा शिल्लक असेल तर एजंटकडचं भाडं वेबसाइटपेक्षा कमीही निघतं. जहाजावर खर्चायला क्रेडिटही कधी मिळतं. शिवाय केबिन एक-दोन दिवस विनापैसे धरून ठेवता येते, एवढ्यात घरात विचार होतो.

पण पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या. कंपनीच्या दंडाशिवाय एजंटचं स्वतःचं रद्दशुल्क किती? कार्डाच्या बिलावर पैसे घेणाऱ्याचं नाव कुणाचं येणार, कंपनीचं की एजंटचं? सुट्टीच्या दिवशी काही अडलं तर फोन कोण उचलणार? भाडं उतरलं तर लक्ष कोण ठेवणार? कार्डावर थेट कंपनीचं नाव आलेलं मला जास्त सुरक्षित वाटतं. बुकिंग नंबर हातात आला की लगेच कंपनीच्या वेबसाइटवर टाकून पाहा. नाव, तारीख, केबिन आणि भरलेली रक्कम तिथे दिसली तरच बुकिंग झालं म्हणायचं. एजंटच्या लेटरहेडवरची पावती पुरेशी नाही. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळवा.

बुकिंगनंतर दोन कामं उरतात. मेहनतीने नंबर निवडला असेल तर बुकिंगवर 'अपग्रेड नको' अशी नोंद करून घ्या. नाहीतर वरच्या प्रकाराच्या नावाखाली टोकाच्या किंवा गोंगाटाच्या केबिनमध्ये हलवलं जाऊ शकतं. आणि उरलेली रक्कम भरायच्या तारखेपर्यंत आठवड्यातून एकदा तोच प्रवास, तोच प्रकार नव्याने शोधून पाहा. भाडं उतरलेलं दिसलं तर मुदतीआधी बऱ्याच कंपन्या ते लावून देतात, पण मागितल्याशिवाय नाही. जुन्या भाड्यासोबत पेयांचं पॅकेज किंवा वायफाय मिळालं असेल तर ते नव्या भाड्यात टिकतं का, हे आधी विचारा. कधीकधी वाचलेल्या पैशांपेक्षा गेलेलं पॅकेज महाग पडतं.

निर्णय होत नसेल आणि हवी ती केबिन हातची जाईल अशी भीती असेल, तर परत मिळणारी अनामत भरून थेट बुक करा. पूर्ण रक्कम भरलेली नसेल तर अनेक कंपन्या असं बुकिंग ठरावीक दिवसांत एजंटकडे सोपवू देतात. उलट्या दिशेने मात्र एजंटने लेखी सोडल्याशिवाय ते सहसा आपल्याकडे येत नाही.