तुम्ही विचारलंत म्हणून: त्या लिंकनं नोकरी लागते का?

पालक मेळाव्यात हा प्रश्न ठरलेला. मागच्या वेळी एका वडिलांनी हात वर न करताच विचारलं, "मॅडम, पोरगी रात्री बारापर्यंत मोबाईलवर ते पोर्टफोलिओ का काय करत बसती. त्यानं नोकरी लागती का?" स्टाफरूममध्ये हाच प्रश्न जरा इस्त्री करून येतो: "बायोडाटा आहे, मार्कशीट डिजिलॉकरमध्ये आहेत, मग हे आणखी कशाला?" हे म्हणजे पोर्टफोलिओ: आपण केलेल्या कामांचे नमुने एका ऑनलाइन पानावर ठेवायचे आणि मागेल त्याला त्याची लिंक द्यायची.

सरळ सांगते. निव्वळ लिंकमुळे नोकरी लागलेला एकही विद्यार्थी मी पाहिलेला नाही. मुलाखत घेणारे बहुतेक लोक ती उघडतही नाहीत. आर्किटेक्चर किंवा चित्रकलेच्या मुलांचं वेगळं, त्यांना काम दाखवल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही. कोड लिहिणाऱ्यांकडे गिटहब असतं, म्हणजे आपला कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवायची वेबसाइट. मी शिकवते तालुक्याच्या गावात, बीकॉमला. आमच्या मुलांकडे दाखवायला ना चित्र ना कोड. तरी मी हे करून घेते, आणि ते बंद करायचा विचार नाही.

पहिल्या वर्षी मात्र पुरता फज्जा उडाला होता. मी सांगितलं, आपण केलेलं एकेक काम ठेवा, त्याचा फोटो किंवा फाइल लावा आणि खाली आपण काय शिकलो ते लिहा. मुलांना जर्नलची सवय. एकाचं जर्नल साठ जण उतरवतात, तसंच झालं. साठातल्या निम्म्या पोर्टफोलिओंत एकच वाक्य: "या कार्यशाळेतून मला खूप काही शिकायला मिळाले." पुढच्या वर्षी चॅटजीपीटी आलं आणि तेच वाक्य झुळझुळीत इंग्रजीत आलं. वर प्रमाणपत्रांचा ढीग. रांगोळी स्पर्धेतला सहभाग, वेबिनारमधला सहभाग, वेबिनारचा फीडबॅक भरल्याबद्दलही एक.

मग मी दोन गोष्टी बदलल्या. प्रमाणपत्रं बंद. आणि लिहायचं ते आधी मराठीत, तीनच प्रश्नांची उत्तरं: नेमकं काय केलंस, कुठे अडलं, मग काय केलंस? इंग्रजी नंतर, वर्गात बसून. "कुठे अडलं" हा प्रश्न कॉपी करता येत नाही, कारण प्रत्येकाचं अडलेलं वेगळं असतं.

त्यातून काय निघालं ते एका मुलीवरून सांगते. अनुभवाच्या रकान्यात तिने "निरंक" लिहिलं होतं. बोलता बोलता कळलं, वडिलांचं दूध संकलन केंद्र आहे आणि बारावीपासून संध्याकाळचं माप तीच घेते. फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) मशीनवर बघायचं, नोंद करायची, दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं काढायची. म्हटलं, हे का नाही लिहिलंस? "मॅडम, ते घरचं काम आहे." गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर ठरतो, त्याखाली लागलं की पैसे कापले जातात, आणि कापले की माणूस केंद्रावर येऊन आवाज चढवतो. त्याला नमुना पुन्हा तपासून दाखवायचा, मागच्या आठवड्याच्या नोंदी काढायच्या, शांत करायचं. हे सगळं ती विशीच्या आत करत होती. आमच्या अभ्यासक्रमात 'संवादकौशल्य' म्हणून जे शिकवतात त्यात भांडायला आलेला माणूस नसतो.

तिने ते लिहून काढलं. बिलाचा फोटो लावला तेव्हा त्यात उत्पादकांची नावं आणि बँक खात्यांचे नंबर तसेच होते. ते झाकायला लावले, आणि कुणाची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही हा धडा पुस्तकाशिवाय झाला. पुढे हिशेबनीसाच्या जागेसाठी मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर ती गाव, तालुका, छंद वाचन असं न म्हणता दुधाच्या बिलांवर बोलली. तिची लिंक कुणी बघितली नाही. नोकरी लागली.

म्हणून पोर्टफोलिओचा पहिला वाचक कंपनी नाही, तो करणारा विद्यार्थीच आहे, असं माझं मत झालंय. आमची मुलं कमी करत नाहीत. एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, दोन वर्षांत २४० तास भरतात, शिवाय सात दिवसांचं शिबिर. गणेश मंडळाची वर्गणी गोळा करून पै न् पैचा हिशेब देतात. आता नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत चार क्रेडिटचं, म्हणजे १२० तासांचं ऑन जॉब ट्रेनिंगही आलं. पण त्याचा अहवाल स्पायरल बायंडिंग करून कपाटात जातो आणि सहा महिन्यांनी विचारलं तर "तिथे टॅलीवर काम केलं" याच्या पुढे गाडी जात नाही.

ही पोर्टफोलिओची कल्पना आपली नव्हे. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजने ती बरीच आधी रुजवली, आणि तिथली बरीच मुलं स्थलांतरित घरांतली, कॉलेजात जाणारी घरातली पहिलीच. ते वाचलं तेव्हा मला आमचाच वर्ग दिसला. यासाठी 'महारा' नावाचं न्यूझीलंडमध्ये बनलेलं मोफत सॉफ्टवेअरही आहे. माओरी भाषेत त्या शब्दाचा अर्थ विचार करणं. नाव आवडलं, पण त्याला सर्व्हर लागतो आणि तो सांभाळायला आमच्याकडे माणूस नाही. आम्ही गुगल डॉक आणि ड्राइव्हवरच भागवतो, कारण बऱ्याच जणांकडे लॅपटॉप नाही, फोन आहे.

फोनवर काम होतं, पण घोळही होतात. एका वर्षी सगळ्यांनी कॉलेजच्या ईमेलवरून पोर्टफोलिओ केले. निकाल लागला, काही महिन्यांनी ती खाती बंद झाली, आणि तीन वर्षांचं काम एका रात्रीत गेलं. मुलांचे फोन आले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. खाती बंद होणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. दुसऱ्या एकाने मुलाखतीला लिंक पाठवली ती कुलूप लावूनच. समोरच्याला फक्त "परवानगी मागा" एवढं दिसलं, आणि तो कशाला मागतोय?

आता जूनमधल्या पहिल्या तासाला मी कौशल्यांवर भाषण देत नाही. प्रत्येकाला स्वतःच्या जीमेलवरून एक पान उघडायला लावते, त्याची लिंक शेजारच्याला पाठवायला सांगते, आणि शेजाऱ्याच्या फोनवर ती उघडेपर्यंत कुणाला घरी सोडत नाही.